ओट्यावर इंडक्शनसाठी नवा पॉइंट: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

इंडक्शन शेगडी घरी आली की पहिल्याच दिवशी लक्षात येतं की तिचा जाड पिनांचा प्लग मिक्सरच्या सॉकेटमध्ये जात नाही. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून कन्व्हर्टर येतो, शेगडी चालू होते, चहा उकळतो आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटतं. पण ते छोटं सॉकेट, त्याचा स्विच आणि भिंतीतली वायर यांतलं काहीच या शेगडीसाठी घातलेलं नव्हतं. प्लग जाऊ नये म्हणूनच तर दोन आकार वेगळे ठेवले आहेत. कन्व्हर्टर तेवढं एक संरक्षण काढून टाकतो.

इंडक्शन, ओटीजी (छोटा इलेक्ट्रिक ओव्हन), मोठा मायक्रोवेव्ह, इलेक्ट्रिक किटली अशा तापणाऱ्या उपकरणांसाठी ओट्यावर स्वतंत्र पॉइंट कसा घ्यायचा, ते इथे क्रमाने सांगतो. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. भिंतीतून नवी वायर ओढणं आणि डीबीमध्ये (घरातल्या सगळ्या लाइनी जिथून निघतात त्या मुख्य पेटीत) ती जोडणं हे काम सरकारी परवाना असलेल्या वायरमनचं आहे. कायद्यालाही तेच अपेक्षित आहे आणि माझंही तेच म्हणणं आहे. तुमचं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं: हिशेब करणं, जागा ठरवणं, सामान नीट घेणं, काम होताना बघणं आणि झाल्यावर तपासून घेणं. हे जो करतो त्याच्या घरात काम चांगलं होतं, कारण वायरमनला कळतं की इथे कोणी तरी बघणारं आहे.

आधी उपकरणामागची पट्टी वाचा

प्रत्येक उपकरणाच्या मागे किंवा तळाशी एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर व्होल्ट आणि वॅट लिहिलेले असतात. आपल्याकडे घरगुती पुरवठा 230 व्होल्टचा. वॅटला 230 ने भागलं की किती अँपिअर लागतील ते कळतं.

2000 वॅटची इंडक्शन शेगडी म्हणजे 8.7 अँपिअर. 1500 वॅटची किटली 6.5 अँपिअर. 750 वॅटचा मिक्सर 3.3 अँपिअर. मायक्रोवेव्हच्या बाबतीत मात्र जाहिरातीतला आकडा धरू नका. 800 वॅट हा अन्नाला मिळणाऱ्या शक्तीचा आकडा असतो, भिंतीतून तो त्याहून बरीच जास्त वीज घेतो. खरा आकडा मागच्या पट्टीवर 'इनपुट' म्हणून दिलेला असतो, तोच घ्या.

आता सॉकेट बघा. आपल्याकडची सॉकेट दोन मापांची, 6 अँपिअर आणि 16 अँपिअर. लहान भोकांचं ते 6 चं, मोठ्या भोकांचं 16 चं. हल्ली एकाच प्लेटवर दोन्ही प्रकारचे प्लग जातील अशी पाच किंवा सहा भोकांची सॉकेटही मिळतात. ती वाईट नाहीत. पण सॉकेट मोठं आहे म्हणून मागची वायरही जाड आहे असं समजू नका. जुन्या बोर्डावर नुसती प्लेट बदलून 16 चं सॉकेट बसवलेलं आणि मागे तीच जुनी दीड चौरस मिलिमीटरची वायर, हे फार घरांत सापडतं. बाहेरून काहीच कळत नाही.

म्हणून एक साधी गोष्ट करा. डीबीतला एकेक एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप खाली पडून वीज तोडणारा स्विच) खाली करून बघा, ओट्याचं सॉकेट कशावर बंद होतं. त्याच एमसीबीवर हॉलचे दिवे आणि पंखेही बंद झाले, तर ओट्याचा बोर्ड दिव्यांच्या लाइनवरून ओढलेला आहे. त्यावर इंडक्शन चालवायची नाही. घरात अजून चिनीमातीचे किटकॅट फ्यूज असतील, किंवा लाकडी पट्टीवरून गेलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर असेल, तर नव्या पॉइंटआधी सगळ्या वायरिंगचाच विचार करावा लागेल. अ‍ॅल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबतं, जोड सैल होतो आणि तिथेच तापतं.

घराचा एकूण भार

वीजबिलावर 'मंजूर भार' किलोवॅटमध्ये छापलेला असतो. संध्याकाळी सात वाजता तुमच्या घरात एकाच वेळी काय काय चालू असतं ते कागदावर लिहा. 2000 वॅटचा गीझर, 2000 वॅटची इंडक्शन आणि 1500 वॅटचा एसी हे तीनच मिळून 5500 वॅट होतात, म्हणजे जवळपास 24 अँपिअर. त्यात फ्रिज, टीव्ही, दिवे मिळवा. मंजूर भार कमी पडत असेल तर महावितरण, बेस्ट किंवा तुमची जी कंपनी असेल तिच्याकडे भारवाढीचा अर्ज करा. हे काम पॉइंट घेण्याच्या आधी करायचं. नंतर करू म्हटलं की ते राहून जातं, आणि मग मेन एमसीबी पडायला लागला की कोणी तरी मोठा एमसीबी बसवून देतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

अर्थिंग खरं आहे का

माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि नेमका हाच सगळ्यात जास्त गृहीत धरला जातो. सॉकेटला वरचं मोठं भोक आहे, त्यात पिन जाते, म्हणजे अर्थिंग आहे, असा समज असतो. भोकामागे वायर जोडलेलीच नसेल तरी पिन जातेच.

तिसरी पिन बाकीच्या दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड असते. लांब असल्यामुळे प्लग आत जाताना अर्थ आधी जोडला जातो आणि काढताना सर्वांत शेवटी सुटतो. ती पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये प्लग घुसवणं म्हणजे ओल्या हाताने स्टीलच्या भांड्याला धरणाऱ्या माणसाचा एकमेव आधार कापणं. ज्या उपकरणावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, ते दुहेरी इन्सुलेशनचं असतं आणि त्याला अर्थ लागत नाही. बाकी सगळ्यांना लागतो.

स्वतः काय बघता येईल? खिशातला निऑन टेस्टर इथे उपयोगाचा नाही. तो फेज (ज्यातून वीज येते ती वायर; परत जाते ती न्यूट्रल) दाखवतो, अर्थबद्दल काहीच सांगत नाही. मल्टिमीटर घ्या आणि एसी व्होल्टच्या 750 किंवा 600 च्या रेंजवर ठेवा. त्याच्या तारांचं इन्सुलेशन अखंड असल्याची खात्री करा आणि कोरडी चप्पल पायात असू द्या. मल्टिमीटर कधी हाताळला नसेल तर हे मोजमाप वायरमनला करायला सांगा आणि शेजारी उभं राहून आकडे वाचा. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं आणि अर्थचं भोक वर असलं, तर उजवं भोक फेजचं आणि डावं न्यूट्रलचं असायला हवं. तीन मोजमापं घ्यायची.

फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास.
फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच.
न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडे, दोन-तीन व्होल्टच्या आत.

फेज आणि अर्थमध्ये 60, 90, 110 असा कसला तरी मधलाच आकडा आला, तर अर्थची वायर कुठे तरी तुटलेली आहे किंवा मुळात जोडलेलीच नाही. उजव्या भोकात न्यूट्रल आणि डाव्यात फेज सापडला, तर वायरी उलट्या आहेत. अशा जागी स्विच बंद केला तरी उपकरणात वीज राहते.

आणखी एक प्रकार सगळ्यांत फसवा. अर्थिंग नसलेल्या घरात काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ वायरच्या तुकड्याने जोडून टाकतात. मीटरवर सगळे आकडे बरोबर दिसतात, ग्राहक खूश होतो. पण त्या लाइनचा न्यूट्रल कुठे सुटला, मीटरपाशी सैल झाला किंवा उंदराने कुरतडला, तर शेगडीच्या, फ्रिजच्या, ओटीजीच्या पत्र्यावर थेट 230 व्होल्ट येतात. ओळखायचं कसं? शेगडीसारखा मोठा भार चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्ट मोजा. खऱ्या अर्थिंगमध्ये भार चढला की हा आकडा थोडा तरी वाढतो, कारण न्यूट्रलच्या वायरीत व्होल्टेज पडतं. 2000 वॅट चालू असतानाही तो ठोक शून्यच राहिला, तर प्लेट उघडून बघायला सांगा.

मल्टिमीटरचं एक वैगुण्य लक्षात ठेवा. त्याला मोजण्यासाठी फारच थोडा करंट लागतो, त्यामुळे गंजून केसाएवढ्या उरलेल्या जोडावरूनही तो 230 दाखवतो. म्हणून जुने वायरमन टेस्ट लॅम्प वापरतात. होल्डरमध्ये 100 वॅटचा साधा बल्ब लावून तो फेज आणि अर्थमध्ये धरायचा. बल्ब पूर्ण उजेड देत असेल तर अर्थ करंट वाहून नेतो आहे. मिणमिणला तर नाही. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर बल्ब लागायच्या आतच तो पडेल, तेही उत्तमच. ही तपासणी वायरमनलाच करू द्या. तेवढा वेळ घरातल्या कोणीही फ्रिजला किंवा वॉशिंग मशीनला हात लावायचा नाही, कारण अर्थ खराब असेल तर तोच करंट त्यांच्या पत्र्यावर येतो.

अर्थिंगचं मूळ जमिनीत असतं. अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा 60 सेंटिमीटर चौरस पत्रा पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ भरतात आणि वरून पाणी घालायची सोय ठेवतात. बंगला किंवा गावचं घर असेल तर हा खड्डा कुठे आहे ते माहीत करून घ्या. उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहायला हवं, कारण कोरडी माती करंट नीट वाहू देत नाही. कोकणात जांभा दगडात अर्थ चांगला मिळवणं अवघड जातं आणि खाऱ्या हवेत पत्री पट्टी लवकर गंजते. तिथे एकाऐवजी दोन खड्डे घेऊन जोडावे लागू शकतात. फ्लॅटमध्ये राहत असाल तर मीटररूममध्ये जाऊन अर्थची पट्टी कुठून येते आणि तुमच्या मीटरजवळून हिरवी वायर वर जाते का ते बघा. कधी तरी रंगकाम किंवा दुरुस्तीच्या वेळी ती काढली जाते आणि परत लावायची राहते. असं आढळलं तर सोसायटीला लेखी कळवा. हा एका फ्लॅटचा प्रश्न नाही, सगळ्या इमारतीचा आहे.

एमसीबी आणि आरसीसीबी: दोघांची कामं वेगळी

एमसीबी वायरीला वाचवतो आणि आरसीसीबी माणसाला. एक आहे म्हणून दुसरा नको, असं होत नाही.

16 अँपिअरचा एमसीबी 17 अँपिअरला पडेल असं अनेकांना वाटतं. तसा तो बनवलेलाच नाही. मानकाप्रमाणे 1.13 पट करंटला तो तासभर टिकला पाहिजे आणि 1.45 पट, म्हणजे 23 अँपिअरला तासाभरात पडला पाहिजे. क्षणात पडायला सी प्रकारच्या एमसीबीला पाच ते दहा पट करंट लागतो. 16 चा असेल तर पक्की खात्री 160 अँपिअरला.

समजा शेगडीत फेज पत्र्याला चिकटला आणि तुमच्या खड्ड्याचा रोध 5 ओहम आहे. जमिनीतून जाणारा करंट झाला 46 अँपिअर. हा एमसीबीला लगेच पाडायला पुरा पडत नाही. तेवढा वेळ पत्रा 'गरम', म्हणजे वीज उतरलेला, राहतो. इथे आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की तो सेकंदाच्या अंशात सगळं तोडतो. घरासाठी 30 मिलिअँपिअरचाच घ्या. 100 किंवा 300 चे मिळतात, ते आगीपासून संरक्षणासाठी असतात, माणसाला शॉकपासून वाचवण्यासाठी नाहीत. त्यावर लिहिलेला 25, 40 किंवा 63 अँपिअरचा आकडा मात्र तुमच्या मेन एमसीबीएवढा किंवा त्याहून जास्त हवा.

आणि तो मोठ्या एमसीबीचा विषय. एमसीबी सारखा पडतो म्हणून कोणी 16 काढून 32 बसवतो म्हणालं, तर ठाम नकार द्या. भिंतीतल्या नळीत अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर साधारण 20 अँपिअर झेपवते. तिच्यावर 32 चा पहारेकरी ठेवला, तर आधी वायर जळेल.

जागा ठरवताना

ओट्याच्या वर साधारण 20 ते 25 सेंटिमीटर उंचीवर सॉकेट ठेवा. सिंकपासून आणि नळापासून निदान 60 सेंटिमीटर दूर, जमलं तर मीटरभर. गॅसच्या शेगडीच्या थेट वर किंवा मागे अजिबात नको. तिथे वाफ, तेलाचा थर आणि आच तिन्ही लागतात, आणि वायर बर्नरवरून जाते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्यात किंवा ओट्याखाली सॉकेट घेऊ नये.

शेगडीची वायर किती लांब आहे ते मोजून मगच खूण करा. प्लगपर्यंत वायर सहज पोचली पाहिजे, ताणून नाही. एक्स्टेन्शन बोर्ड लावायची वेळ यायलाच नको. बाजारातल्या बहुतेक एक्स्टेन्शनची वायर मोबाइल आणि लॅपटॉपसाठी ठीक असते. त्यावर इंडक्शन चालवली की गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते.

पॉइंटसाठी भिंत फोडायची नसेल तर पीव्हीसीची केसिंग-कॅपिंग चालते. दिसायला थोडी खटकते, पण उघडून बघता येते, हा मोठा फायदा आहे.

सामान

आयएसआय खूण असलेली तांब्याची एफआर (आग सहज न पकडणारी) वायर, 2.5 चौरस मिलिमीटर, लाल, काळी आणि हिरवी. तिन्ही एकाच जाडीच्या. हिरवी बारीक चालेल असं दुकानदार म्हणाला तरी घेऊ नका. 16 अँपिअरचा एमसीबी, 16 अँपिअरचा स्विच आणि सॉकेट, त्यांच्या मापाचा बॉक्स, नळी किंवा पट्टी. घरात आरसीसीबी नसेल तर तोही याच वेळी. वायर पूर्ण 90 मीटरचं बंडल घ्यायला लागत नाही, बरेच दुकानदार मोजून देतात. पण तुकड्यावरही आयएसआय खूण आणि जाडी छापलेली दिसली पाहिजे. स्विच-सॉकेट हातात घेऊन बघा. प्लग घातल्यावर घट्ट धरला जातो का, स्विच स्पष्ट 'टक' आवाजाने बसतो का. मधेच अडकणारा स्विच आत ठिणग्या पाडतो.

कामाच्या दिवशी

मेन बंद करायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. घरातला इन्व्हर्टर मात्र विसरला जातो. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो स्वतःच्या लाइनी चालू करतो. ओट्याच्या बोर्डवर इन्व्हर्टरची लाइन असेल, आणि दिव्यासाठी ती बऱ्याचदा असते, तर मेन खाली असूनही बोर्डात 230 व्होल्ट असतात. म्हणून इन्व्हर्टरचा स्वतःचा स्विच बंद करा. गच्चीवर सोलर असेल तर त्याचाही. मेनवर चिठ्ठी चिकटवा: 'काम चालू आहे, वर करू नये'. घरातल्या सगळ्यांना तोंडानेही सांगा.

त्यानंतर टेस्टर आधी जिथे वीज नक्की आहे अशा ठिकाणी लावून बघायचा, मग कामाच्या जागी, आणि परत पहिल्या ठिकाणी. टेस्टर बिघडला असेल तरी तो पेटत नाहीच. म्हणून दोनदा बघायचं. इमारतीत सगळीच लाइट गेली असेल तर टेस्टर कशावरही पेटणार नाही. अशा वेळी काम सुरू करायची घाई नको.

वायरमन काम करत असताना एवढं बघा. डीबीपासून पॉइंटपर्यंत तिन्ही वायरी अखंड गेल्या पाहिजेत. नळीत मधे कुठेही टेप गुंडाळलेला जोड नको. लाल वायर आधी स्विचला, स्विचमधून सॉकेटच्या उजव्या टर्मिनलला. काळी डाव्याला, हिरवी वरच्याला. बॉक्स पत्र्याचा असेल तर हिरवीची एक फांदी बॉक्सलाही. नव्या लाइनचा न्यूट्रल आरसीसीबीच्या खालच्या पट्टीलाच लावायचा. तो दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलला चिकटवला तर आरसीसीबी विनाकारण पडत राहील, आणि शेवटी कोणी तरी वैतागून तो काढून टाकेल.

आता स्क्रू. या एका ठिकाणी जवळ जाऊन बघा. वायर किती सोलली आहे? टर्मिनलच्या आत जाईल तेवढीच. बाहेर उघडं तांबं दिसता कामा नये, आणि स्क्रूखाली इन्सुलेशनही दबता कामा नये. सगळे तंतू पिळून आत गेले आहेत ना? एखादा बाजूला राहिलेला तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी पुरे. स्क्रू आवळल्यावर वायर धरून ओढून बघायला सांगा. ती हलता कामा नये. सैल जोडाचा रोध 0.2 ओहम जरी झाला, तरी 2000 वॅटच्या शेगडीच्या 8.7 अँपिअर करंटला त्या एका बिंदूत 15 वॅट उष्णता तयार होते. बंद प्लास्टिकच्या डबीत ती कुठे जाणार? आधी प्लेट पिवळी पडते, मग तपकिरी, मग वास येतो. यात एमसीबी काहीच करत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

वीज सुरू करण्याआधी आणि नंतर

वायरमनकडे मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) असेल तर 500 व्होल्टवर इन्सुलेशन तपासून घ्या. सगळी उपकरणं काढून, फेज आणि अर्थमध्ये, न्यूट्रल आणि अर्थमध्ये, एक मेगाओहमच्या वर आकडा आला पाहिजे. नव्या वायरीत तो कितीतरी जास्त येतो. कमी आला तर नळीत कुठे तरी वायर सोलवटली आहे.

मग मेन वर करा. वर सांगितलेली तीन मोजमापं नव्या सॉकेटवर परत घ्या. स्विच बंद केल्यावर उजव्या भोकात टेस्टर पेटता कामा नये. आरसीसीबीचं 'टी' लिहिलेलं बटण दाबा, तो पडलाच पाहिजे. हे बटण फक्त आरसीसीबी चालतो का ते सांगतं, अर्थिंगबद्दल काही सांगत नाही, हे ध्यानात असू द्या. दर दोन-तीन महिन्यांनी ते दाबत जा.

शेगडीवर मोठं पातेलं भरून पाणी ठेवा आणि अर्धा तास पूर्ण जोरावर चालवा. त्यानंतर स्विच बंद करून प्लग काढा आणि त्याच्या पिनांजवळच्या प्लास्टिकला आणि सॉकेटच्या प्लेटला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल इतकं गरम असेल तर जोड सैल आहे, किंवा सॉकेटची पकड ढिली आहे. आठवड्याभराच्या वापरानंतर वायरमनकडून सगळे स्क्रू एकदा परत आवळून घ्या. तापून-थंड होऊन नवीन जोड थोडे बसतात.

प्लग टॉप बदलायचा असेल तर

मिक्सरचा वगैरे जळलेला प्लग बदलणं हे घरी करता येण्यासारखं काम आहे. उपकरण भिंतीपासून पूर्ण सुटं असताना करायचं. शेगडीचा प्लग कारखान्यातूनच ओतीव आला असेल आणि वॉरंटी चालू असेल तर मात्र तो कापू नका, सर्व्हिस सेंटरला न्या.

उपकरणाच्या लवचीक वायरीचे रंग भिंतीतल्यापेक्षा वेगळे असतात. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी पट्ट्यांची अर्थ. प्लगच्या आत टर्मिनलवर अक्षरं असतात, ती बघूनच लावा, डाव्या-उजव्यावर जाऊ नका, कारण उघडलेला प्लग आतून बघताना बाजू उलटतात. अर्थची वायर बाकी दोघींपेक्षा सेंटिमीटरभर लांब ठेवा. कोणी वायर हिसकली तर आधी फेज आणि न्यूट्रल सुटतील, अर्थ शेवटी. बाहेरचं जाड आवरण पट्टीखाली दाबलं गेलं पाहिजे, आतल्या रंगीत वायरी नव्हेत. तंतूंच्या टोकांना डाग देऊन (सोल्डर करून) लावण्याची काहींना सवय असते. ते करू नका, डाग दिलेलं टोक स्क्रूखाली हळूहळू दबतं आणि जोड ढिला होतो.

काही बिघडलंच तर

गॅसचा वास आला तर कोणताही स्विच चालू किंवा बंद करायचा नाही, एक्झॉस्टचाही नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर जाऊन 1906 ला फोन. प्लगमधून धूर आला तर तिथे हात न घालता डीबीतून एमसीबी खाली करा. पाणी ओतू नका. कोणाला करंट लागून तो चिकटलेला असेल तर त्याला हात लावायचा नाही, आधी मेन बंद. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा पाटाने त्याला बाजूला ढकला आणि 108 ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छाती दाबणं लगेच सुरू करा. माणूस लगेच उठून बसला, बोलायला लागला, तरी त्याला डॉक्टरकडे न्याच. हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात. पुरवठ्याच्या बाजूचा बिघाड असेल, म्हणजे मीटरपाशी ठिणग्या किंवा व्होल्टेज एकदम वाढणं, तर 1912 वर वीज कंपनीला कळवा.

पावसाळ्यात आरसीसीबी पडायला लागला की बहुतेक वेळा भिंतीतली ओल कुठल्या तरी बोर्डात उतरलेली असते. सगळे एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर घ्या. ज्याने तो पडतो त्या लाइनवरचे सगळे प्लग काढून पुन्हा बघा. प्लग काढल्यावर टिकला तर दोष उपकरणात आहे. तरीही पडला तर भिंतीत किंवा बोर्डात. ती एक लाइन बंद ठेवून वायरमन येईपर्यंत बाकीचं घर चालू ठेवता येतं. हे सोपं जावं म्हणून काम संपतानाच डीबीच्या झाकणावर प्रत्येक एमसीबीखाली चिठ्ठी लावून घ्या: 'हॉल दिवे', 'बेडरूम', 'गीझर', 'ओटा इंडक्शन 16'. पक्क्या शाईच्या पेनाने लिहा आणि वरून पारदर्शक टेप लावा, तेलकट हात लागले तरी अक्षर टिकेल.